एक दिवस आड

नळाला पाणी एक दिवस आड येतं,
पहाटे पावणेपाच ते साडेपाच.
त्या दिवशी मामंजी सगळ्यांच्या आधी उठतात.
निळा टब, जो निरंजनने सियागंजातून
मित्राच्या स्कूटरवर मागे बसून
डोक्यावर उपडा धरून आणला
(दोन सिग्नलांवर लोक हसले म्हणे),
तो काठोकाठ भरून
सासूबाईंच्या जुन्या पातळाने झाकून ठेवतात.

संध्याकाळी मोठं पातेलं गॅसवर चढतं.
डॉक्टर छाजेड म्हणाल्या होत्या, कोमट, कढत नाही.
कंबर मोकळी राहील, भीती सैल होईल.
कोमट म्हणजे किती, हे मी विचारलं नाही.
मामंजींनी विचारलं.
एकोणतीस वर्षं गिरणीच्या रंगखात्यात
हौदांवर वाकलेला माणूस.
बाही दुमडून ते कोपर बुडवतात,
डोळे मिटतात.
"चाळीस. थांब."
एक तांब्या गार.
"अडतीस."
अर्धा तांब्या.
"सदतीस. आता बस."
एकदा मी चोरून थर्मामीटर लावून पाहिला.
त्यानंतर नाही.

मग ते गॅलरीत जातात,
मुद्दाम रेडिओ मोठा करतात,
मला कण्हायला संकोच नको म्हणून.

टबात मी मावत नाही.
गुडघे बाहेर राहतात, त्यांवर जानेवारीचा काटा.
पण पोट मावतं.
पोट पाण्यात गेलं की वाटतं,
जिना चढताना कुणीतरी
न मागता
हातातली पिशवी घेतली.

पहिलं बाळंतपण माहेरी, असं सगळ्या बोलून गेल्या.
माझं माहेर मंडलेश्वरला. घराला कुलूप,
किल्ली भावाकडे, भाऊ मस्कतला.
पण या शहराचं पाणी तिथूनच येतं,
आमच्या गावाच्या शेजारून,
पंपांनी ढकलत ढकलत, घाट चढून,
माणूसभर रुंदीच्या नळांतून धापा टाकत.
आई मानेला धरून मला जिच्यात बुचकळायची
ती नर्मदा
ब्लीचिंगचा वास अंगाला लावून
तिसऱ्या मजल्यावर माझ्या बेंबीपर्यंत येते.
रिकाम्या हाताने ओटी भरत नाहीत, म्हणून बहुधा
टबाच्या तळाशी चिमूटभर रेती ठेवून जाते.

आत बाळ कूस बदलतं.
पाणी किंचित चढतं, किंचित उतरतं.

"कोरं कापड," मामंजी रेडिओच्या वरताण आवाज काढून सांगतात,
"थेट रंगात घालायचं नसतं बरं का.
आधी नुसत्या कोमट पाण्यात सोडायचं.
खळ सुटते, ताण जातो.
नवीन पोरं घाई करायची,
मग डाग."
मी हं म्हणते.
मंडीचे भाव लागलेत. लसूण उतरलाय.

नंतर ते पाणी फुकट जात नाही.
फरशी, पायपुसणी,
खालच्या पाठकबाईंची शेवंती.
पाठकबाई म्हणतात, यंदा फुलं जड आलीत.
मी उत्तर देत नाही, त्यांच्याकडे सगळ्याचं उत्तर असतं.

आज कोरडा वार.
टबात कालचं पाणी उरलेलं, अर्धं.
रात्री अडीचला कंबरेतून एक कळ आली,
गेली.
मग तिची थोरली बहीण आली.
निरंजन पीथमपूरला, रात्रपाळी, फोन लॉकरमध्ये.
भिंत धरत धरत मी कुठे गेले तर बाथरूमपाशी,
का, ते माहीत नाही.
मागे मामंजी, स्वेटर उलटा,
हातात माझी फाइल, फाइलही उलटी.
पातेल्याकडे त्यांनी एकदा पाहिलं.
मी मानेनेच नको म्हटलं.

बाही दुमडली. टबाच्या काठाला धरून वाकले,
जेवढं वाकता येतं तेवढं.
कोपर बुडवलं.
"अठरा," म्हणाले.

त्यांनीही बुडवलं. डोळे मिटले.
"सतरा,"
आणि रिक्षा आणायला जिना उतरले.