पाच व्होल्ट

विडी घरकुलातून रिक्षात घालून
गुंडेटी अम्मांनी टीव्ही आणला,
बत्तीस इंची, काचेला धक्का नको म्हणून
नव्याकोऱ्या चादरीत गुंडाळलेला.
चादर टीव्हीपेक्षा जड.

“सकाळी नुसता टिकटिक करलालाय बगा.
लाल दिवा लागतो, विझतो, लागतो.
दुपारी पत्रा तापला की आपोआप बोलतो.
खाजाभाई कुठायत?”

खाजाभाईंच्या डोळ्याला हिरवी पट्टी आहे.
गड्डा उठल्यापासून दुकान माझ्याकडे.
“मग तू उघडणार?”
अम्मांनी माझ्या बांगड्यांकडे बघितलं.
मी बांगड्या काढून ड्रॉवरमध्ये ठेवल्या
आणि अठरा स्क्रू काढले.

आत जाळी, झुरळाची अंडी,
आणि तंबाखूची भुकटी, इतकी
की मला लागोपाठ दोन शिंका आल्या.
सात वर्षं हा अम्मांच्या सुपाशेजारी बसून
विड्या वळताना बघत होता.

लावून बघितला. टिक. टिक.
लाल, काळा, लाल.
मोठ्या कपॅसिटरवर तीनशे पंचवीस, बरोबर.
पुढच्या पाच व्होल्टच्या वाटेवर तीन पॉइंट एक,
तेही थरथरत.

प्लग काढला.
प्लग काढला म्हणजे तो मेला असं नाही,
खाजाभाई सांगायचे
आणि अंगठ्यावरचा पांढरा डाग दाखवायचे.
मी वायरीने शंभरचा बल्ब टेकवला.
एकदाच लख्ख झाला, मिटला.
आता हात घालायचा.

डोकं फुगलेला शोधायचा,
हे पहिल्या दिवशी शिकवतात.
कोपऱ्यात एक सापडला, पुरीसारखा टम्म.
मला इतका आनंद झाला की मी शीळ घातली.
बदलला. लावला.
टिक.
टिक.

अम्मा काही बोलल्या नाहीत.
पिशवीतून पानं आणि कात्री काढली,
पायरीवर बसल्या, कापायला लागल्या.
कात्री आणि टीव्ही, दोघांचा ताल एकच.

मग मला ऐकू आलं
त्यांनी आल्या आल्या सांगितलेलं:
पत्रा तापला की.

सोल्डरिंगची दांडी तापवली,
न टेकवता एकेकाजवळ धरली.
हा नाही. हा नाही.
हीटसिंकला चिकटून एक बुटका उभा होता,
सपाट डोक्याचा, चकचकीत, हजारचा,
त्याच्यावर मी संशयसुद्धा घेतला नव्हता.
मीटर: तीन पॉइंट एक.
तीन पॉइंट सहा.
चार पॉइंट चार.
पाच.
आणि कंपनीचं निळं नाव पडद्यावर.

काढून मोजला.
अंगावर हजार, पोटात सत्तेचाळीस.

“काय झाल्तं?”
“आतलं पाणी आटलं.”
पाणी नव्हे खरं तर,
पण इलेक्ट्रोलाइटला मला दुसरा शब्द आला नाही.
सात वर्षं तापल्या पत्र्याला टेकून उभं राहायचं,
त्यात इथला मे.
अम्मा हसल्या. “आमच्या नळाला पाचव्या दिवशी येतंय.
ह्याला रोज कुठनं यायचं?”

कपॅसिटर बारा रुपयांचा.
खाजाभाईंचा दर तीनशे, मी अडीचशे म्हटलं.
फुगलेल्याचे वेगळे लावायचे की नाही
हे मला अजून ठरवता आलेलं नाही.
तोही कधीतरी गेलाच असता,
पण म्हणून काय?

“जुने दोन्ही दे,” अम्मा म्हणाल्या.
“नवा घ्या म्हणणाऱ्याला दाखवते.”
पदराच्या गाठीत सुट्ट्या पैशांसोबत बांधले.
चादर घडी करून द्यायला मी विसरले,
ती अजून स्टुलावर आहे.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला फोन.
हॅलो म्हटलं, तिकडून कुणी बोलेना.
नंतर कळलं, फोन टीव्हीजवळ धरलाय.
एक बाई सांगत होती,
सोलापूर, अकरा अंश.