उलार

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत
सळ्यांचे ट्रक मोजणारा काटा माझा.
भंगार येतं, सरकी येते, हंगामात मोसंबी.
घर आलं ते पहिल्यांदाच.

पांढरं, पत्र्याचं, दोन चाकांवर,
खिडकीला फुलाफुलांचा पडदा,
दारावर पाटी : हिवराळे.
पुढं पिकअप, धाप लागल्यासारखी उभी.

हिवराळे साहेब मोजणी खात्यातून रिटायर.
छत्तीस वर्षं दुसऱ्यांचे बांध मोजले,
म्हणाले, आता बिनबांधाचं हिंडायचं.
इसाक मिस्त्रीनं चार महिने खपून घर जोडलं
आणि विचारल्यावर बॉनेटवर थाप मारली :
"ओढती की वो. रेड्यावानी ओढती."

ओढती. ते मलाही दिसत होतं.
पण कंपनीच्या पुस्तकात छापलंय, दीड हजार किलो.
आणि माझा काटा लाल आकड्यांत म्हणाला,
सोळाशे नव्वद.

"एकशे नव्वदनं काय होतंय, ताई?"
चढावर फार काही नाही, म्हटलं.
मांजरसुंब्याचा घाट उतरताना विचारा.
ओढायला इंजिन आहे;
मागून रेटणाऱ्या घराला
थांब म्हणायला कोण आहे?

मग काट्याच्या कडेला संसार उतरला.
टाकीतलं पाणी आधी सोडलं, शंभर लिटर,
ते माझ्या कडुनिंबाच्या आळ्यात गेलं.
गव्हाचा कट्टा.
लोखंडी कपाट, आणि त्याच्या आरशात
मागं खोळंबून हॉर्न वाजवणारा सळ्यांचा ट्रक.

शालनताई आत, मागच्या ओट्याजवळ,
पाट्यावर हात ठेवून बसलेल्या.
पाटा आणि वरवंटा, मिळून तीस किलो.
"मिक्सर घेतलाय ना," साहेब म्हणाले.
त्या काही बोलल्या नाहीत. हातही उचलला नाही.
साहेबांनी जरा वेळ पाहिलं,
मग पलंगाखालून स्वतःची पेटी ओढली :
मोजणीची साखळी, नकाशांच्या सुरळ्या.
पंधरा किलो.
माझ्या टेबलाखाली सारून म्हणाले,
राहू द्या. मापाच्या जागी माप राहील.

चौदाशे ऐंशी.

साहेब हसले. मी नाही हसले.
घर पिकअपच्या हुकाला जोडून
नुसती चाकं काट्यावर घ्या, म्हटलं.
तेराशे नव्वद.
म्हणजे हुकावर नव्वदच.

माझा बाप गाडीत कडबा भरायचा.
मागं जास्त झालं की जू बैलांच्या मानेवरनं उठायचं,
पुढं जास्त झालं की बैल गुडघ्यावर.
पेंढ्या तेवढ्याच.
बाप खाली उतरायचा, लांबून बघायचा,
चार पेंढ्या इकडच्या तिकडं.

साहेब, तुमचं घर उलार आहे, म्हटलं.
साठच्या पुढं गेलात की शेपूट हलवंल
आणि शेपटासंगं पिकअप हलंल.
मागं जड काय आहे?

सगळ्यांनी शालनताईंकडं बघितलं.
त्या उठल्या. पदर खोचला.
"धरा एका बाजूनं," म्हणाल्या,
आणि दोघांनी पाटा उचलून
पार पुढं, हुकाच्या अंगाला नेऊन ठेवला.

तेराशे पन्नास. हुकावर एकशे तीस.
दहावा हिस्सा नाही भरला, अकरावा म्हणा.
जा आता, म्हटलं. सावकाश.

चार पावत्यांचे पैसे साहेबांनी मोजून दिले.
निघताना शालनताईंनी काचेतून विचारलं,
"आमच्या दोघांचं वजन कुठं धरलं?"
ते पिकअपच्या खात्यावर, म्हटलं.
"बरंय," म्हणाल्या, आणि काच वर केली.

कपाट न्यायला भाचा रविवारी येणार होता.
चार रविवार झाले.
सळ्यांचे ड्रायव्हर त्याच्या आरशात भांग पाडतात.
साखळी टेबलाखालीच आहे.
काल तिच्यात माझा पाय अडकला.