पाच किलो

आमराईजवळच्या पार्सल ऑफिसातून
रिक्षात मांडीवर घेऊन आले.
खोक्यावर बाण होता: ही बाजू वर.
एकसंध, काळीभोर,
ठेवली तेव्हा ओटा एकदम लहान झाला.

कडकण्यांच्या डोहाळजेवणाला दोनशे नग,
शनिवारी सकाळी अकराच्या आत.
आज गुरुवार.

सुरी आधी घसरली, मग वाकली.
उकळत्या पाण्यातून काढलेली दुसरी
बोटभर आत गेली आणि तिथंच थंड होऊन बसली,
उपसताना ओट्याला पाय लावावा लागला.
बत्त्यानं पांढरा डाग पडला, एवढंच.
फरशीवर आपटावी, तर खाली
निमशिरगावकरांचं बाळ झोपलेलं.
व्हिडिओतली बाई
तुकडे झाल्यानंतरपासून सुरू करते.

मामंजी दारात कधी येऊन थांबले, कळलं नाही.
मार्केट यार्डात चौतीस वर्षं, गुळाच्या सौद्यात.
उजवा हात गेल्या श्रावणापासून त्यांचं ऐकत नाही,
तो ते डाव्या हातानं धरून हिंडतात
दुसऱ्या कुणाचं सामान असल्यागत.

"ढेप हाय व्हय?"
चॉकलेट आहे, मी म्हटलं.
"त्येच की. ढेप."

स्टुलावर बसले. डावा तळवा तिच्यावरून फिरवला,
टिचकी मारली, वाकून कान लावला.
गुळाला म्हणे अंग असतं.
साच्यात भरताना गुळव्याचा हात जिथं थबकला
तिथं आतल्या आत एक रेघ राहते,
ती सापडली की ढेप आपणहून उघडते,
आपण नुसते निमित्ताला.
"हिला रेघ न्हाई," जरा रागावूनच म्हणाले.
"कुणाचा हातच लागल्याला न्हाई हिला."

मग कोपऱ्याकडं बोट केलं.
मधोमध कधी मारायचं नसतं.
मधे ती सगळी एक असते.

प्लंबर विसरून गेलेली छिन्नी
मी घासली, उकळली, पुसली.
ती त्यांनी डाव्या हातात उभी धरली,
कोपऱ्यापासून चार बोटं आत.
हातोडा माझ्याकडं.

छिन्नी थरथरत होती.
त्यांची बोटं कुठं संपतात, लोखंड कुठं सुरू होतं,
मला नीट दिसेना.
नऊ वर्षं या घरात
आम्ही एकमेकांना भांड्यांवरूनच ओळखत आलो,
तांब्या मी ठेवायचा, त्यांनी उचलायचा.

"मार."
लागलं तर?
"लागलं तर लागलं. भिऊन मारल्याला वाकडा बसतोय."

पहिल्या घावाला काही नाही.
दुसऱ्याला आवाज बदलला,
आतून कुणी "बरं" म्हटल्यासारखा.
तिसऱ्याला कोपरा सुटला
आणि आत तीच, तशीच काळी,
फक्त जरा खरबरीत.

मग थांबलोच नाही. कडेकडेनं,
ते छिन्नी सरकवायचे, मी मारायचे,
खालून बाळ रडलं तेव्हा दोन मिनिटं
दोघंही चोरासारखे गप्प.
कपच्या फ्रिजखाली, मिक्सरमागं,
एक त्यांच्या भुवईवर.
ती तिथं वितळेपर्यंत मी काही बोलले नाही.

एक खाऊन बघा, मामंजी.
त्यांनी खिडकीकडं बघितलं. दिवस मावळला होता.
मावळल्यावर ते पाणीसुद्धा घेत नाहीत.
तुकडा कागदात बांधला
आणि बंडीच्या खिशात ठेवला, सकाळसाठी.

सकाळी खिसा तपकिरी.
कागद उलगडून त्यांनी बोटानं चाटून बघितलं.
"कडू हाय की गं."
पुन्हा चाटलं.
"गूळ बी पाझरतोय, पर पावसाळ्यात."

मी बंडी बादलीत भिजत घातली.
"किलोचा भाव काय?"
सांगितला.
बराच वेळ बोलले नाहीत,
मनातल्या मनात कुठली तरी पट्टी मांडत असावेत.

"आन् हमाली?"