होकायंत्र

कोंढव्यात, दुसऱ्या मजल्यावर,
मी मराठीची मिस.
आठवड्याला दोन तास.
वेळापत्रकात माझं नाव: अतिरिक्त भाषा.

भूगोलाचं पुस्तक विलायती,
त्यात ऑक्टोबरात पानं गळतात.
मुलंही उत्तरपत्रिकेत गाळतात,
खिडकीत करंज हिरवागार असताना.
पेपर तिकडे तपासायचे असतात ना.

जुहरच्या नमाजाला दहा मिनिटं होती.
मी फळ्यावर लिहिलं: होकायंत्र.
अफीफा तांबोळी उभी राहिली
(हिची फी तीन हप्त्यांत येते,
तिसरा नेहमी उशिरा):
“मिस, हे यंत्र सारखं
‘हो का? हो का?’ विचारतं का?”
वर्ग खिदळला. मीही.

मग रांग वजूला गेली.
इमारत रस्त्याला धरून बांधलेली,
म्हणून नमाजाच्या खोलीत सतरंज्या
भिंतीशी तिरक्या.
शेवंताबाईंचा झाडूही आता
तिरकाच चालतो,
घरीसुद्धा, म्हणतात.

बाकावर अफीफाचं होकायंत्र राहिलेलं.
उचललं, गरकन फिरवलं.
सुई थरथरली,
पुन्हा उत्तर.

प्रश्न विचारणारी
खाली नळावर पाय धूत होती.