खोली अकरा

दोर सोडायचे ते पहाटे पाचला,
पाहुणे उठायच्या आत.
पूर्णगडची शेवटची गाडी निघून गेलेली.
मॅनेजरबाई म्हणाल्या, मेस्त्री, आज इथेच रहा,
अकरा नंबर रिकामी आहे.

रजिस्टर पुढे आलं.
नाव : दत्ताराम पांचाळ.
कुठून आलात : पूर्णगड.
येण्याचं कारण.
इथे पेन जरा अडलं.
लिहिलं : लिफ्ट.

एकतीस वर्षं येतोय ओरिएंटला,
मागच्या दाराने, मोरीवरून,
पान्यांची पिशवी सांभाळत.
पुढची पायरी आज पहिल्यांदा चढलो
तर दारवान सलाम ठोकून मोकळा झाला
आणि मग ओळखून हसला.

टेबलावर छापील कार्ड :
किनाऱ्यावरची पहिली विजेची लिफ्ट आमचीच.
पहिली की दुसरी, कोण गेलंय बघायला.
भिंतीवर फोटो, बोटीतून उतरलेले टोपीवाले साहेब,
मागे ट्रंका,
ट्रंकांखाली कुणाचे तरी पाय.

सोमवारी नवीन लिफ्ट येते आहे, बटणांची, आरसेवाली.
जुनीचा डबा तळमजल्यावर शोभेला राहणार,
आत कुंडी ठेवणार म्हणे, फर्नची.

गादीत माणूस बुडतो.
सतरंजी शोधली, नव्हती.
खिडकीशी उभा राहिलो.
धनजी नाक्यावर मोबाइलवाल्याची निळी पाटी एकटीच जळत होती,
कौलांच्या पलीकडे मिरकरवाड्याचे दिवे
आणि वाऱ्यावर सुक्या बांगड्याचा वास,
ज्याच्यासाठी बाईंनी खोलीत चंदनाचा फवारा ठेवलाय.

दीड वाजता ती निघाली.
डबा खाली जाताना
माझ्या उशामागच्या भिंतीतून वजन वर आलं,
साडेआठ मण ओतीव लोखंड,
दुसऱ्या मजल्याशी नेहमीचा झटका.
पाहुणे म्हणतात भूत आहे.
शिवेचा एक सांधा आहे तो, चार सूत बाहेर,
दरवेळी ठरवलं बसवायचा.

उठून बाहेर आलो.
जिन्यावर इनास, हातात ट्रे,
चौदा नंबरला चहा आणि आम्लेट.
काय रे, लिफ्ट वर-खाली होतेय नि तू पायी?
त्याने हनुवटीने पाटी दाखवली :
नोकरवर्गाने लिफ्ट वापरू नये.
पितळी पाटी. तिचे स्क्रू दोनदा मीच आवळलेत.

चल, म्हटलं, आज मी पाहुणा आहे.

दोघं आत. दांडा ओढला.
मी कायम डब्याच्या टपावर बसून गेलेला माणूस,
आत कसं उभं राहायचं, हात कुठे ठेवायचे, कळेना.
दुसऱ्याच्या वर आलो तेव्हा
जाळीचं दार बोटभर सरकवलं.
करंट तुटला. थांबली.
इनास म्हणाला, सायबा!
म्हटलं, घाबरू नको, बॅटरी मार भिंतीवर.

चुन्यावर पेन्सिल.
सोलकर, ७१. सोलकर, ७८, तेल.
सोलकरचाचांचं अक्षर उभं, नमाजाला उभं राहिल्यासारखं.
मग माझं तिरकं :
तेल, ६-११-९४.
दोर बदलला.
जुलै, खड्ड्यात पाणी, तीन दिवस बंद.
ब्रेकपट्टी नवी. मुलगी झाली.

इनासने ते दोनदा वाचलं.
मग विचारलं, आता केवढी?
म्हटलं, पुण्याला असते. लिफ्टच्या इमारतीत, नववा मजला.

चौदा नंबरचा चहा निवला.
तो परत घेऊन गेला,
जिन्याने.

पाचला दोर सोडले.
डबा हळूहळू खड्ड्यातल्या ओंडक्यांवर बसला,
म्हैस बसते तसा, आधी एक बाजू, मग दुसरी.
वजन वरच राहिलं, साखळीला बांधून.

मॅनेजरबाईंनी अभिप्रायाची वही दिली,
दोन ओळी लिहा, मेस्त्री, झोप लागली का?
म्हटलं, हात काळे आहेत.

शिडी अजून लावलेलीच होती.
चढलो, कानावरची पेन्सिल काढली, तारीख घातली.
पुढे तेल लिहायचं की दोर, सुचेना.
लिहिलं : राहिलो.

साडेसहाची पूर्णगड मिळाली. खिडकीची जागा.