सतरा

लुसाका. ऑक्टोबर. ग्रंथालयातला पंखा
टेबलावरचा फॉर्म उचलतो, परत ठेवतो.
बढती समितीला हवेत तीन आकडे,
प्राध्यापक नासिलेले लिकांदो यांच्याबद्दल:
निबंध किती, उल्लेख किती, एच-निर्देशांक किती.
माझं काम मोजण्याचं. कौतुक दुसऱ्या खोलीत होतं.

आधी नावं जुळवायची.
संगणकाच्या लेखी त्या तिघीजणी:
एन. लिकांदो, लिकांदो एन. एम.,
आणि कुणी एक नासिलेले, जिला आडनावच नाही.
तिघींना एकीत ओतलं. उल्लेख चारशे बारा.
मी म्हटलं, अभिनंदन, मॅडम.
त्या म्हणाल्या, त्यातले तीनशे बारा काढ.

बारोत्से मैदानातल्या कालव्यांवरचा तो निबंध,
पान नऊ, खालून चौथी ओळ:
'शंभरातल्या सत्तर घरांनी कालव्याकाठची शेती सोडली.'
होती सतरा.
त्यांनी स्वतः मोजलेली, दारोदार,
होडीत बसून, गुडघ्यावर वही टेकवून.
छापताना सत्तर झाली.
शेजारशेजारचे शब्द,
जीभ जरा घसरली की एकाच्या घरातून दुसऱ्याच्या घरात.

दुरुस्ती निघाली दोन वर्षांनी. अर्धं पान.
तोवर सत्तर ओस्लोला जाऊन आले होते,
जिनिव्हात त्यांची रंगीत आकृती झाली होती,
एका उपमंत्र्याच्या भाषणात
त्यांच्यावर टाळ्या पडल्या होत्या.
मी चाळीस निबंध उघडून पाहिले.
तेहतिसांनी तेवढी ओळच उचललेली,
घर तसंच टाकून दाराची कडी न्यावी तशी.
एकानं मॅडमना 'तो' म्हटलंय.

दुरुस्तीचे उल्लेख: एक.

तीनशे बारा वजा केले.
वाटलं, आता सगळं खाली येणार.
निर्देशांक नऊ होता, नऊच राहिला.
दहावा निबंध, मासे धरायच्या टोपल्यांवरचा,
नऊ उल्लेख काखेत मारून रांगेत उभा होता.
एक पाऊल पुढे सरकला, झालं.
मॅडम हसल्या, महिन्यात पहिल्यांदा.
म्हणजे चुकले काय, न चुकले काय.

मग चहा गार होऊ देत सांगत राहिल्या:
मोंगूपलीकडे, होडीनं तीन तास,
सत्तरच्या बळावर गाळ काढायचं यंत्र आलं.
पिवळं, झोपडीहून उंच.
दुसऱ्याच पुरात कमरेपर्यंत रुतलं.
अजून तिथंच आहे.
कालवा बायाच साफ करतात, आधी करायच्या तसाच, हातानं,
फक्त आता यंत्राला वळसा घालून.
म्हातारी इनोंगे, जिचं घर वहीत अकरावं,
दर खेपेला विचारते,
नासिलेले, तुझं ते कधी घेऊन जाणार?
पोरं त्याच्या लांब हातावरून पाण्यात उड्या टाकतात.
बुडायची भीती गेलीय त्यांची, एवढं खरं.

हे कुठल्या रकान्यात लिहू, मी विचारलं.
उल्लेखांतच लिही, म्हणाल्या,
तीनशे तेरावा.

फॉर्म भरत आणला. उरला नियम सातवा:
लेखकानं स्वतःच केलेले स्वतःचे उल्लेख वगळावेत.
दुरुस्तीचा तो एक
त्यांचाच होता. पुढच्या निबंधात,
तळटीप तेवीस, बारीक अक्षरात:
कृपया सतरा वाचावे.

त्यांना नियम पाठ होता.
खिडकीबाहेर जाकारांडाची फुलं
कुणाच्या तरी गाडीच्या टपावर साचत होती,
ती बघत बसल्या.
मीही बसले, एकावर बोट ठेवून.
पंखा कागद उचलायचा, बोट तो दाबून धरायचं.

सही केली.
एक तसाच राहिला.
समितीनं विचारलंच, तर सांगेन
ऊन फार होतं, नजर चुकली,
छापताना होतं कधीकधी असं.