इतिवृत्त, चौदावा मजला

इतिवृत्त लिहायचं काम माझं.
कोण काय म्हणालं, किती वाजता, पुढे काय ठरलं.
कोण कुणाकडे बघून म्हणालं
याला आमच्या तक्त्यात रकाना नाही.

सकाळी अकराला बास्तियान आला.
कुत्र्यांच्या खाण्याचं ॲप, सहा महिन्यांचं,
गिऱ्हाईक अजून मित्रांच्या पलीकडे गेलेलं नाही.
मी लिहिलं: प्रश्न एक, हे किती मोठं होईल?
दोन, पेरूत कधी जाणार? कोलंबियात?
तीन, मागितल्याच्या दुप्पट दिले तर काय कराल?
तो हसला, पाय लांब करून बसला.
सान्तियागोत त्या दिवशी धुरकं नव्हतं,
खिडकीत अख्खी पर्वतरांग आली होती
आणि सगळे तिच्याकडे असे बघत होते
जणू तीही पुढच्या फेरीत घेऊन टाकू.

दुपारी अडीचला मिलारे कायुपान.
चिलोए बेटावरून. आधी फेरीबोट, मग रात्रभर रस्ता,
कारण समुद्राच्या पाण्याचं पिंप
विमानात चढवू देत नाहीत.
पिंपात एक नळी, बोटाएवढी.
विषारी शेवाळ यायच्या चार दिवस आधी सांगते:
शिणाणे काढून घ्या.
एकसष्ट शेतं ती वापरतात. पैसे देऊन.
हे ती दोनदा म्हणाली, पैसे देऊन.

मी लिहिलं: प्रश्न एक, बंद पडली तर?
दोन, कुणी नक्कल केली तर?
तीन, हे एकसष्ट सोडून गेले तर?
चार, बेटावर राहून हे सगळं जमेल ना तुम्हाला?
(पाचवा कुणी विचारला नाही.
तो चौथ्याच्याच पोटात होता.)
तिच्याकडे प्रत्येकाला उत्तर होतं.
होडीत शिरलेलं पाणी उपसावं तशी ती उत्तरं देत राहिली,
आणि उपसता उपसता
वल्हं मारायचं राहूनच गेलं.

दाराजवळ ओस्वाल्दो बसला होता, तिच्या बहिणीचा नवरा,
टोपी गुडघ्यावर. पिंप त्यानं उचलून आणलं होतं.
फेर्मीन साहेब खुर्चीसकट त्याच्याकडे वळले:
आणि तांत्रिक बाजू? ती तुम्ही सांगा.
ओस्वाल्दोनं आधी मागे वळून पाहिलं.
मग म्हणाला, मला टेमुकोच्या अलीकडे
डिझेल कुठे स्वस्त मिळतं ते सांगता येईल.

हशा पिकला. मिलारेही हसली, थोडी उशिरा.
त्या हशानंतर खोली जरा सैल झाली, माणसं पुढे सरकली,
आणि पुढचा प्रश्नही
ओस्वाल्दोलाच गेला.

हेही सांगायला हवं:
पाण्याचे ग्लास मी आणले होते,
आणि पहिला मी त्याच्यासमोर ठेवला.
का, ते मला अजून सांगता येत नाही.
ट्रे हातात होता, हात आपसूक तिकडे गेला.

ठरलं ते असं.
बास्तियान: पुढच्या फेरीला बोलवा.
कायुपान: काम छान आहे, थोडं पुढे गेल्यावर जरूर या,
दार उघडंच आहे.
दार खरंच उघडं होतं. ओस्वाल्दो पाठीनं ते धरून उभा होता,
ती पिंप तिरकं करून बाहेर काढत होती.

रात्री मी दोन्ही इतिवृत्तं नावं न घालता टाइप केली.
मुद्दाम केलं का? माहीत नाही. केलं.
सकाळी फेर्मीन साहेबांनी दुसऱ्या पानावर बोट ठेवलं:
हा कोण? बोलण्यात सारखी भीतीच दिसते याच्या.
मी काही बोलले नाही.
नोकरीला आठवा महिना होता माझा,
खोलीचं भाडं पाच तारखेला.

मीटिंगच्या खोलीत कुणी नव्हतं.
टेबलावर पिंपाखालचं पाणी सुकून
मिठाचं एक वर्तुळ उरलं होतं, पुरतं न जुळलेलं.
सफाईवाल्या बाई फडकं घेऊन आल्या.
मी म्हटलं, हे राहू द्या.
त्यांनी माझ्याकडे पाहिलं,
बाकीचं टेबल पुसलं,
आणि निघून गेल्या.